बारा गावांची यादी आणि गळ्यावर चढलेलं एक गाणं: रे चार्ल्सच्या प्रवास-अल्बमचं प्रकरण

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकेत 'द जीनियस हिट्स द रोड' ही एल्पी, म्हणजे दोन्ही बाजूंना अनेक गाणी असलेली मोठी तबकडी, निघाली. गायक रे चार्ल्स, कंपनी एबीसी-पॅरामाउंट, गाणी बारा. प्रत्येक गाण्याच्या नावात अमेरिकेतली एखादी जागा आहे. पहिल्या बाजूवर अलाबामा, जॉर्जिया, न्यू ऑर्लिन्सची बेसिन स्ट्रीट, मिसिसिपी, व्हरमाँट आणि न्यू यॉर्क. तबकडी उलटली की कॅलिफोर्निया, मायामी, टेक्सस, व्हर्जिनिया, हवाई आणि शेवटी चॅटनुगा. या बारापैकी 'जॉर्जिया ऑन माय माइंड' आज जगभर ओळखीचं आहे. उरलेली अकरा गाणी रे चार्ल्सच्या आवाजात ऐकलेली माणसं शोधावी लागतात.

गायक एक, रेकॉर्डिंगचा महिना एक, संयोजक (गाण्याचा वाद्यमेळ बांधणारा) एक. तरी एवढी तफावत का पडली, हा या प्रकरणाचा विषय आहे. एखादी संकल्पना ठरवून अल्बम करणाऱ्या गायक-निर्मात्यांना त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. सार्वजनिक नोंदीत ज्यांचं काम आहे त्यांचीच नावं इथे दिली आहेत. ड्रायव्हर, कार्यक्रमाचा ठेकेदार आणि विद्यार्थी यांचा उल्लेख नावाशिवाय केला आहे.

रे चार्ल्स १९५२ पासून अटलांटिक कंपनीकडे होता. चर्चमधल्या गायनाची हाक आणि प्रतिसाद ही रीत आणि ब्लूजचे ऐहिक शब्द यांची मोट त्यानं तिथेच बांधली. 'आय गॉट अ वुमन' १९५४ चं. १९५९ मध्ये आलेलं 'व्हॉट्ड आय से' ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांमधल्या लोकप्रिय संगीताच्या, खपाच्या यादीत पहिलं आलं आणि पॉपच्या सर्वसाधारण यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी अटलांटिकनं 'द जीनियस ऑफ रे चार्ल्स' ही एल्पी काढली. तिच्या एका बाजूला मोठा ब्रास बँड होता आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिनांच्या ताफ्यासह संथ गाणी. ही दुसरी बाजू राल्फ बर्न्स या संयोजकानं बांधली होती. बर्न्स वुडी हर्मनच्या जॅझ बँडमध्ये तयार झालेला. पुढे 'कॅबरे' चित्रपटाच्या संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं. पुढच्या वर्षीच्या कामात याच बाजूचा अनुभव भांडवल म्हणून उपयोगी पडला.

नोव्हेंबर १९५९ मध्ये रे चार्ल्सनं एबीसी-पॅरामाउंटशी करार केला. वर्षाला ५०,००० डॉलरची उचल, वाढीव रॉयल्टी आणि काही काळानंतर मास्टर टेपची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, मालकी गायकाकडे, असे त्याचे ठळक मुद्दे. त्या काळात मास्टरची मालकी गायकाला मिळणं जवळपास अशक्य मानलं जाई. कृष्णवर्णीय गायकाला तर ती आणखीच दूरची गोष्ट.

प्रश्न काय होता

एवढा करार केल्यावर कंपनीला लवकर खपणारी एल्पी हवी असणार, हे उघड आहे. इथे बाजाराची घडण लक्षात घ्यावी लागते. ऱ्हिदम अँड ब्लूजचा ग्राहक मुख्यतः मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी, म्हणजे सिंगल, घेई: एका बाजूला एक गाणं, उलटीकडे दुसरं. बारा गाण्यांची एल्पी मोनोमध्ये ३.९८ डॉलरला आणि स्टिरिओत ४.९८ डॉलरला मिळे. तिचा ग्राहक प्रामुख्यानं प्रौढ, घरात चांगला रेकॉर्ड प्लेअर असलेला आणि बहुतांशी गोरा होता. नव्या कंपनीकडच्या पहिल्या सिंगलनं फारसं काही केलं नव्हतं.

दुसरी अडचण वेळेची. रे चार्ल्स वर्षातला मोठा काळ दौऱ्यावर असे. स्वतः लिहिलेली बारा चांगली गाणी तयार असणं शक्य नव्हतं आणि स्टुडिओसाठी मिळणारे दिवस मोजके होते.

तिसरी अडचण अशी की प्रवासाच्या संकल्पनेवर गायक फ्रँक सिनात्राचा 'कम फ्लाय विथ मी' हा अल्बम १९५८ च्या जानेवारीत येऊन पहिल्या क्रमांकावर गेलेला होता. त्यात विमान, सुट्टी आणि परदेश होता. 'मूनलाइट इन व्हरमाँट' आणि 'ब्लू हवाई' ही दोन गाणी तर दोन्ही अल्बममध्ये आहेत. तेव्हा तुलना होणारच होती.

पण सर्वांत खोल अडचण वेगळीच होती. १९६० साली अमेरिकेच्या दक्षिणेत प्रवास करणं कृष्णवर्णीय संगीतकाराला सुखाचं नव्हतं. राहायला हॉटेल मिळेल का, जेवण कुठे मिळेल, कोणत्या पेट्रोल पंपावर शौचालय वापरू देतील, हे आधी माहीत करून घ्यावं लागे. त्यासाठी १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका निघत होती. उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर बसले आणि तिथून अशा आंदोलनांची लाट उठली. अल्बमचं रेकॉर्डिंग पुढच्याच महिन्यातलं. यादीतली दक्षिणेची गाणी मात्र बहुतेक न्यू यॉर्कच्या व्यावसायिक गीतकारांनी १९२० आणि ३० च्या दशकांत लिहिलेली होती. त्यांतली दक्षिण म्हणजे चांदणं, आगगाडी आणि वाट पाहणारी माणसं. ज्याला त्याच रस्त्यावर रात्री गाडीत झोपावं लागतं त्यानं ही गाणी कशी म्हणावीत, हा प्रश्न संकल्पनेच्या पोटातच होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीच्या छोट्या बँडसह नाचाच्या गाण्यांचा. 'व्हॉट्ड आय से'चा रस्ता चालू ठेवायचा. खर्च कमी आणि गायक घरच्या मैदानावर. शिवाय गाणी स्वतःची असली तर गीतकार म्हणून मिळणारा वाटाही आपलाच. मात्र अशा गाण्यांनी एल्पीचा ग्राहक मिळेल याची खात्री नव्हती.

दुसरा, १९५९ च्या संथ बाजूचीच पुढची आवृत्ती: बारा प्रेमगीतं, व्हायोलिनं, बर्न्स. हे जमलेलं काम होतं. पण बारा संथ गाणी एकामागून एक ठेवली तर श्रोत्याला झोप येते, आणि दुकानात उभ्या ग्राहकाला चटकन सांगता येईल असं काही हाताला लागत नाही.

तिसरा पर्याय संकल्पनेचा, म्हणजे गाण्याच्या नावात जागा असेल तेच गाणं. याचे फायदे खरेच मोठे होते. मुखपृष्ठ, जाहिरात आणि विक्रेत्याचं एक वाक्य आपोआप तयार होतं. जुनी माहितीची गाणी असल्यामुळे प्रौढ ग्राहकाला अनोळखी वाटत नाही. जलद गाणं आणि संथ गाणं एका धाग्यात बसतं. हवाई १९५९ च्या ऑगस्टमध्ये पन्नासावं राज्य झालं होतं, त्यामुळे तेही ताजं होतं.

तोटाही होता आणि तो पैशात मोजता येतो. १९०९ च्या कायद्यानुसार प्रत्येक तबकडीमागे प्रत्येक गाण्याच्या हक्कधारकाला २ सेंटचा दर होता. बारा गाणी दुसऱ्यांची म्हटल्यावर पूर्ण दरानं एका एल्पीमागे २४ सेंट बाहेर जातात. कंपन्या घासाघीस करून हा आकडा खाली आणत, पण गीतकाराचा वाटा रे चार्ल्सला मिळणार नव्हता एवढं नक्की. त्याच्यासारख्या स्वतः लिहिणाऱ्या गायकाने हे सोडणं म्हणजे आजचं उत्पन्न कमी करून मोठा श्रोतावर्ग विकत घेणं होतं.

आमच्या मते तिसरा पर्याय निवडणं चुकलं नाही. चूक झाली ती निवडीच्या निकषात.

काय केलं

संकल्पना ठरल्यावर काम यादीचं होतं. निर्माता सिड फेलर कंपनीतर्फे रे चार्ल्सबरोबर होता आणि संयोजन राल्फ बर्न्सकडे दिलं गेलं. बर्न्सची निवड हा या प्रकरणातला सर्वांत निर्धास्त निर्णय. रे चार्ल्सचा आवाज व्हायोलिनांवर कसा बसतो, तो शब्द किती मागे ओढतो, त्याला कुठे मोकळी जागा लागते, हे बर्न्सला वर्षभरापूर्वीच कळलेलं होतं. नवा संयोजक असता तर पहिली दोन गाणी एकमेकांना ओळखण्यातच गेली असती.

रेकॉर्डिंग मार्च १९६० च्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये झालं. त्या वेळच्या वादक संघटनेच्या नियमाप्रमाणे एक सत्र तीन तासांचं असे आणि त्यात जास्तीत जास्त १५ मिनिटांचं पक्कं संगीत घेता येई. एल्पीची बारा गाणी प्रत्येकी तीन मिनिटांची धरली तर ३६ मिनिटं होतात, म्हणजे किमान तीन सत्रं. एका सत्रात चार गाणी, एका गाण्याला ४५ मिनिटं. एवढ्यात वादकांनी कागद पहिल्यांदा वाचायचा, चुका काढायच्या, माइकचा तोल बघायचा आणि टेक घ्यायचे.

या ४५ मिनिटांचा परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. मोठ्या वाद्यवृंदात गाण्याची पट्टी, लय, मध्यंतर, शेवट हे सगळं कागदावर आधीच पक्कं झालेलं असतं. वीस-तीस वादकांचे कागद बदलायला वेळ नसतो. गायकाला स्टुडिओत सुचलं की हे गाणं थोडं संथ हवं किंवा सूर वर हवा, तरी फार काही करता येत नाही. मोकळीक राहते ती फक्त त्याच्या स्वतःच्या ओळीत: शब्द उशिरा टाकणं, स्वर वाकवणं, मध्येच एखादा हुंकार. आणि ही मोकळीक तोच गायक वापरू शकतो ज्याच्या गळ्यावर गाणं आधीपासून चढलेलं आहे. आठवड्यापूर्वी यादीत आलेलं गाणं तो बिनचूक म्हणेल, गोडही म्हणेल, पण त्यात हिंडणार नाही.

नेमका इथेच 'जॉर्जिया'चा रस्ता वेगळा आहे. रे चार्ल्स हे गाणं गाडीत सारखं गुणगुणत असे. त्याच्या ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि हे रेकॉर्ड का करत नाही, असं विचारलं. गाणं यादीत बसलं खरं, पण ते यादीतून आलं नव्हतं.

गाण्याचा जन्म मात्र अगदी ठोकळेबाज होता, आणि प्रामाणिकपणे तेही सांगायला हवं. चाल करणारा होगी कारमायकल हा इंडियानाचा. जॉर्जियावर गाणं लिही, दक्षिणेवर लिहून कुणाचं नुकसान झालेलं नाही, असं त्याला सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रमबावरनं सुचवलं. शब्द स्टुअर्ट गॉरेलचे, तोही इंडियानाचाच. १९३० साली ते पहिल्यांदा रेकॉर्ड झालं, म्हणजे गाणं आणि रे चार्ल्स एकाच वर्षीचे. तो २३ सप्टेंबर १९३० रोजी जॉर्जियातल्या ऑल्बनीत जन्मला आणि वाढला फ्लोरिडात. जन्मभूमीच्या ओढीनं हे गाणं घेतलं, असं पुढे सगळेच म्हणू लागले. त्यानं स्वतः आत्मचरित्रात ते नाकारलं आहे: डोळ्यांसमोर ना त्या नावाची बाई होती ना ते राज्य, चाल सुंदर होती एवढंच. आम्हाला हे उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. संकल्पनेच्या दृष्टीनं गाण्यात जागा होती, गायकाच्या दृष्टीनं त्यात चाल होती.

चालीकडे बारकाईनं पाहू. रचना ३२ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं आवर्तन): आठ-आठ बारचे चार भाग, पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा वेगळा. रे चार्ल्स ते जीमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी पाचमध्ये गातो. सुरुवातीलाच खालचा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, आधार जी मेजरवरून बी सेव्हन्थवर आणि तिथून ई मायनरवर सरकतो. घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच उंबऱ्याबाहेर पडल्यासारखं होतं. तिसरा भाग तर ई मायनरमध्येच राहतो. उदासी चालीतच आहे, शब्दांवर अवलंबून नाही. जलद लयीत हे सरकणं कानाआड जातं. मिनिटाला साठ-पासष्ट ठोक्यांच्या आसपास आणलं की प्रत्येक पायरी ऐकू येते. म्हणून रेकॉर्ड ३ मिनिटं ३७ सेकंदांचं झालं, त्या काळच्या सिंगलच्या मानानं लांब. कारमायकलच्या मूळ गाण्यात आधी एक प्रस्तावनेचा भाग आहे, तो इथे नाही. व्हायोलिनांच्या थोडक्या सुरुवातीनंतर पहिला शब्दच राज्याचं नाव. कोरस गोड आणि जुन्या वळणाचा, त्याच्यावर खरखरीत आवाज. हा विरोध गाण्याला तारतो, कारण दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासारखं व्हायचा प्रयत्न करत नाही.

आता 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' घ्या. १९४१ चं, ओळीनंतर चार टाळ्या वाजवायचं, जत्रेतल्यासारखं गाणं. खाली दोन कॉर्ड. त्याची लय निम्मी केली तर उरतं काय? काहीच नाही. मग संयोजकाला ब्रास, ठेका आणि क्लृप्त्यांनी ते भरावं लागतं. 'मूनलाइट इन व्हरमाँट' मात्र खरोखर चांगलं गाणं आहे: यमक नाही, पहिला भाग आठऐवजी सहा बारचा, कडवी हायकूच्या मापाची. तेही रे चार्ल्स मन लावून गातो. पण दोन वर्षांपूर्वीचा सिनात्रा कानात असताना त्यात वेगळं काही सांगायला त्याला जागा उरलेली दिसत नाही.

'कॅरी मी बॅक टू ओल्ड व्हर्जिनी' हा अवघड निर्णय होता. १८७८ साली जेम्स ब्लँड या कृष्णवर्णीय रचनाकारानं ते प्रसिद्ध केलं. त्यात एक वृद्ध गुलाम मळ्याच्या आठवणीनं व्याकूळ होतो. १९४० पासून ते व्हर्जिनियाचं राज्यगीत होतं आणि त्याच शब्दांमुळे १९९७ मध्ये निवृत्त झालं. 'मिसिसिपी मड'च्या १९२७ च्या शब्दांतही कृष्णवर्णीयांसाठी अपमानकारक उल्लेख होता. नावात राज्य आहे एवढ्यावर निवड केली की गाण्याबरोबर असं ओझंही येतं. व्हर्जिनियाच्या गाण्याला रे चार्ल्सनं चर्चच्या हाक-प्रतिसादाचं वळण दिलं. मळ्याची आठवण काढणारं गाणं प्रार्थनासभेत नेलं, हे त्याच्यापुरतं उत्तर होतं आणि आमच्या कानाला ते अल्बममधलं दुसरं सर्वांत जिवंत गाणं वाटतं. 'जॉर्जिया'च्या सिंगलवर उलट्या बाजूला तेच ठेवलं गेलं. हा निर्णयही योग्यच: गोड बाजू गोऱ्या श्रोत्यांच्या रेडिओसाठी, उलटी बाजू जुन्या चाहत्यांसाठी, आणि दोन्हींवर जागेचं नाव.

परिणाम

१४ नोव्हेंबर १९६० च्या आठवड्यात 'जॉर्जिया ऑन माय माइंड' बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर आलं. रे चार्ल्सचं हे त्या यादीतलं पहिलं अव्वल गाणं. एल्पी नवव्या क्रमांकापर्यंत गेली. कंपनीच्या हिशेबानं डाव जमला: एल्पीचा ग्राहक मिळाला आणि उचलीची रक्कम डोईजड राहिली नाही.

पण १९६१ च्या ग्रॅमीचा हिशेब बघा. त्या वर्षी रे चार्ल्सला चार पुरस्कार मिळाले. दोन 'जॉर्जिया'ला. उरलेले दोन 'द जीनियस ऑफ रे चार्ल्स' या अल्बमला आणि त्यातल्या 'लेट द गुड टाइम्स रोल'ला, म्हणजे सोडून आलेल्या अटलांटिकच्या कामाला. अल्बम म्हणून प्रवासाच्या एल्पीला काही मिळालं नाही. पुढचं सिंगल 'रुबी' होतं आणि ते या एल्पीतलं नव्हतं. स्त्रियांच्या नावांची गाणी गोळा केलेल्या 'डेडिकेटेड टू यू' या पुढच्या संकल्पना-अल्बममधलं होतं. बारा गाण्यांच्या खाणीत सोन्याचा एकच दगड निघाला, हे कंपनीच्या वागण्यातूनही दिसतं. तरीही पुढच्या अल्बमला निकष तोच लागला, फक्त गावांच्या जागी बायकांची नावं आली. 'रुबी' पॉपच्या यादीत अठ्ठाविसाव्या क्रमांकावर थांबलं.

गाण्याचा पुढचा प्रवास अल्बमच्या हातात राहिला नाही. १५ मार्च १९६१ रोजी जॉर्जियातल्याच ऑगस्टा शहरात रे चार्ल्सचा नाचाचा कार्यक्रम होता. खालचा मोठा मजला फक्त गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांना वर सज्जात, अशी व्यवस्था असल्याचं पेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी त्याला कळवलं. तो न गाता निघून गेला आणि कारण जाहीर केलं. ठेकेदारानं करारभंगाचा दावा लावला. जून १९६२ मध्ये अटलांटातल्या न्यायालयात रे चार्ल्सला ७५७ डॉलर भरावे लागले. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्याच सभागृहात, वेगळं बसवण्याची पद्धत गेल्यावर, तो गायला. जॉर्जियानं त्याला आजन्म बंदी घातली होती ही गोष्ट त्याच्या आयुष्यावरच्या 'रे' या चित्रपटामुळे पसरली. तसं काही घडलं नव्हतं. ७ मार्च १९७९ रोजी राज्याच्या विधिमंडळासमोर त्यानं हे गाणं म्हटलं आणि २४ एप्रिलला ते अधिकृत राज्यगीत झालं.

यादीतल्या आणखी एका राज्याचीही नोंद घ्यावी. 'अलाबामी बाउंड' हे अल्बमचं पहिलं गाणं, अलाबामाकडे निघालेल्या माणसाचं, खुशीतलं. एल्पी निघून आठ महिने झाले होते. १४ मे १९६१ रोजी त्याच अलाबामात ॲनिस्टनजवळ फ्रीडम रायडर्सची, म्हणजे वंशभेदाविरुद्ध बसनं प्रवास करणाऱ्या आंदोलकांची, बस जाळण्यात आली.

वेगळं काय करता आलं असतं

निकष 'जागेचं नाव' ऐवजी 'वाट' हा ठेवता आला असता. अल्बमच्या नावात रस्त्यावर निघणं आहे, पण आतली बहुतेक गाणी पोस्टकार्डं आहेत: एक गाव, एक चंद्र, एक आठवण. चालती गाणी तीनच, अलाबामा, कॅलिफोर्निया आणि चॅटनुगाची. रस्ता ज्यात खरोखर आहे अशी गाणी रे चार्ल्सपासून दूर नव्हती. हँक स्नोचं 'आय'म मूव्हिन ऑन' त्यानं १९५९ मध्ये अटलांटिकसाठी गायलंच होतं. पर्सी मेफिल्डनं लिहिलेलं 'हिट द रोड जॅक' १९६१ मध्ये आलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात एकही गाव नाही, पण घराबाहेर काढलेला माणूस आहे.

१९६२ च्या 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक'मध्ये हा बदल झालेला दिसतो. तिथे धागा शीर्षकाचा नव्हता, गाण्यांच्या जातीचा होता: लहानपणापासून रेडिओवर ऐकलेलं कंट्री संगीत. सिड फेलरनं गाणी गोळा करून पाठवली, त्यांतून रे चार्ल्सनं ऐकून निवडली. तो अल्बम १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. आणि त्यातली चार सिंगल्स चालली.

निवडीची पद्धतही बदलता आली असती. बारा जागांसाठी निदान तीस गाणी घ्यावीत. गायकानं प्रत्येक गाणं फक्त पियानोवर तीन वेळा म्हणावं: प्रचलित लयीत, निम्म्या लयीत आणि एक सूर वरच्या पट्टीत. तिन्ही वेळा सारखंच ऐकू आलं तर गाण्यात गायकाला काही सापडलेलं नाही, ते बाजूला ठेवावं. आठवड्यानंतर कागद न बघता जी गाणी तोंडात येतील त्यांनाच वाद्यवृंदाचा खर्च द्यावा. दहा चांगली मिळाली आणि दोन राज्यं राहून गेली तर राहू द्यावीत. नकाशा पूर्ण करण्यासाठी कुणी एल्पी विकत घेत नाही. शब्दांत अपमान दडलेलं गाणं असेल तर ते बदलायचं, उलटवायचं की वगळायचं हे संयोजकाकडे कागद जाण्याआधी ठरावं. स्टुडिओतली ४५ मिनिटं त्यासाठी नसतात.

शेवटचा मुद्दा क्रमाचा. 'जॉर्जिया' पहिल्या बाजूवर दुसरं आहे: आधी धावतं 'अलाबामी बाउंड', नंतर लगेच 'बेसिन स्ट्रीट ब्लूज'. दुकानात किंवा रेडिओ केंद्रावर सुई टाकणारा माणूस पहिली दोन गाणी ऐकतो, म्हणून ही जागा सुरक्षित. पण एल्पीची खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगानं सुईखालून जाते आणि आतल्या टोकाला सुमारे २१. आत जाऊ तसा तीव्र, झगझगीत आवाज फाटू लागतो, म्हणून जाणकार तबकडी कापताना मोठ्या ब्रासची गाणी बाहेर आणि शांत गाणी आत ठेवतात. इथे दुसऱ्या बाजूच्या अगदी आत 'चॅटनुगा चू चू' आहे, आगगाडी आणि ब्रास. 'जॉर्जिया'चे मऊ तार-सूर पहिल्या बाजूच्या शेवटी गेले असते तर तबकडीला ते मानवलं असतं. आणि गाणं संपल्यावर कुणीतरी उठून सुई उचलेपर्यंत खोलीत फक्त खाचेची खरखर राहिली असती, पुढचं गाव मध्ये आलं नसतं.